बस्ता गेला, मयत राहिली

कापड द्यायच्या दोन रीती असतात, हे वडिलांनी मला मीटरपट्टी हातात देण्याआधीच शिकवलं होतं. लग्नाचं कापड असेल तर चार बोटं जास्त मोजायचं, काठाला काठ जुळवून घडी घालायची, वरच्या घडीला कुंकवाचं बोट लावायचं, दोन्ही हातांनी द्यायचं आणि गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत ‘या बरं’ म्हणत राहायचं. मयतीचं कापड असेल तर भावाची घासाघीस करायची नाही, घडी घालायची नाही, कुंकवाच्या करंड्याकडे पाहायचंसुद्धा नाही. फाडायचं, गुंडाळायचं, हातात द्यायचं आणि मान खाली घालायची. मयतीच्या गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरी आणखी एक तिरडी बांधायला सांगणं. वडील एरवी चुका हसून सोडून द्यायचे, पण या दोन रीतींत गफलत झाली तर कानाखाली वाजवायचे.

लाखांदूरच्या बाजाररस्त्यावर आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, मी चालवलं, आणि आता ते कसंबसं उभं आहे. धान निघून हातात पैसा आला की आसपासच्या गावांतले लोक एसटीनं उतरायचे ते थेट आमच्या गादीवर. लग्नाचा बस्ता म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. मुलाकडचे आणि मुलीकडचे एकाच गादीवर बसणार, नवरीच्या साड्या मुलाकडचे घेणार, नवरदेवाचे कपडे मुलीकडचे घेणार, आणि मध्ये बसून दोन्हीकडचं मन राखायचं काम दुकानदाराचं. बायका पुढं, माणसं भिंतीला टेकून मागं. कोणाची तरी आत्या हमखास रुसायची. ‘मलेच काहून असा भुरका रंग?’ म्हणून तोंड फिरवायची. मग वडील कपाटातून एक साडी अशी काढायचे, की ती जणू तिच्यासाठीच लपवून ठेवली होती. आत्या हसली की चहा, आलूपोहे आणि पुढचं थान. त्या गादीवर कित्येक मोडायला आलेली लग्नं टिकली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग वडसा रोडवर मार्ट आलं.

सुरुवातीला त्यात किराणाच होता. माझ्या शेजारी किराण्याचं दुकान होतं, त्याच्या मालकाला धास्ती बसली. तो माझ्या पायरीवर येऊन बसायचा आणि म्हणायचा, “तुयं बरं हाय गा. तेल-साखर लोकं मार्टात घेतीन, पण लुगडा कोणी पुड्यातून घेते काय? लुगडा हात लावून पाहा लागते.” मीही मान हलवायचो. आमच्या बायांना मी ओळखून होतो ना! पदर उन्हात धरून पाहिल्याशिवाय, दोन बोटांत सूत चुरगळल्याशिवाय, ‘रंग जाईन तं आणून देईन’ असा दम दिल्याशिवाय त्या पिशवी उघडणार नाहीत. शेजाऱ्यानं हळूहळू गाळा भाड्यानं दिला, तिथं मोबाइल दुरुस्तीवाला आला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर झोप नाही उडाली.

मग मार्टवाल्यांनी वरचा मजला बांधला आणि कपडे टांगले.

मार्टाचा मला राग आहेच. पण त्याहून जास्त राग आमच्या गिऱ्हाइकांचा आहे. ज्या बाईनं माझ्या गादीवर बसून एका रुपयासाठी माझ्याशी दिवसभर हुज्जत घातली, तीच बाई मार्टात लिहिलेला भाव गुमान मोजून येते. तिथं तिला पाणी कोणी विचारत नाही. तिची मुलगी कुठं दिली, घरात कोणाला काय आवडतं, हे कोणाला माहीत नाही. दारातला वॉचमन तिची पिशवी बाहेर ठेवून घेतो, जणू ती चोरी करायलाच आली आहे, आणि ती ठेवते. वर ‘लय थंडं वाटते जी तिथं’ म्हणून मला कौतुकानं सांगते. पहिल्या वर्षी मार्टाची पिशवी घेऊन आमच्या दुकानासमोरून जाताना बाया पदराआड धरायच्या. पुढच्या वर्षी ती पिशवी आमच्याच पायरीवर ठेवून माझ्याकडे परकराचा नाडा मागायला लागल्या, कारण नाडा मार्टात मिळत नाही. आंबा त्यांचा आणि कोय आमच्या वाट्याला.

नाड्यासारखंच आणखी एक मार्टात मिळत नाही, ते म्हणजे मयतीचं कापड. तिथं मीटरवर कोणी काही फाडून देत नाही. शिवाय मार्ट दहाला उघडतं. माणूस पहाटे गेला तर सोयरे गोळा होईपर्यंत पांढरं कापड, वरून टाकायला शेला, बाई असेल तर लुगडं, हे सगळं सकाळीच लागतं. आमच्याकडे मयतीला जाणारा प्रत्येक सोयरा आपलं कोरं कापड घेऊन जातो आणि प्रेतावर टाकतो. रिकाम्या हातानं गेलं तर पिढ्यान्‌पिढ्या बोल राहतो. मग काय, सकाळी शटर उघडायला जावं तर उपरणं खांद्यावर टाकलेला एखादा माणूस पायरीवर बसलेला. त्याचं तोंड पाहूनच मी काही न विचारता मांजरपाटाचं थान ओढायचो. वडिलांच्या काळीही हे गिऱ्हाईक होतंच. पण तेव्हा त्याच दिवशी दुपारी गादीवर नवरी बसलेली असायची, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. आता नवऱ्या मार्टात गेल्या आणि माझ्याकडे मयत तेवढी राहिली. पोटाला कुठलंही गिऱ्हाईक चालतं म्हणून मी विकत राहिलो. गावानं दुकानाचं नाव कधी बदललं, ते मला कळलंच नाही. एकदा एसटी स्टँडवर एक माणूस दुसऱ्याला पत्ता सांगत होता, “थ्या मयतीच्या दुकानापासून डाव्या हाताले वळ.” मी मागंच उभा होतो.

अशात आमच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मुलगा वरठीचा, तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला, घरची थोडी धानाची शेती. माणसं बरी वाटली. आणि मी मनात एकच गोष्ट धरून बसलो, की माझ्या मुलीचा बस्ता माझ्या गादीवर होईल. मला हुंडा मागितला असता तर मी भांडलो असतो, मानपान मागितला असता तर दिला असता, पण मला स्वतःला हवं होतं ते एवढंच. वडिलांनी अख्ख्या तालुक्याच्या नवऱ्या त्या गादीवरून नेसवून पाठवल्या, आणि माझी मुलगी दुसऱ्याच्या दुकानातून नेसून जाईल? मी नागपूरला जाऊन माल आणला. गादीवरची चादर बदलली. बायकोनं भिंतींना चुना मारून घेतला आणि मांजरपाटाची थानं मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मुलगी तिला हसली. म्हणाली, “आई, पाहुणे काय कपाटं उघडून पाहून राहिले?” पण तीही त्या दिवसांत रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायची आणि नव्या साड्या एकेक करून खांद्यावर टाकून आरशात पाहायची.

बस्त्याआधी एकदा विहीणबाई सहज म्हणून आल्या. म्हणजे सहज काही नव्हतं, दुकान पाहायलाच आल्या होत्या. गादीवर बसल्या, चहा घेतला, चार साड्या पाहिल्या, बऱ्या म्हणाल्या. “माल चांगला हाय इवाई तुमच्यापाशी,” असंही म्हणाल्या. माझी छाती फुगली. जाताना रिकाम्या हातानं कसं उठायचं म्हणून त्यांनी एक खणाचा तुकडा मागितला, मुलाच्या मावशीची ओटी भरायला. मी थान ओढलं, मोजलं, दातानं कड तोडून टर्रकन फाडलं.

आणि गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

घडी नाही. कुंकू नाही. ‘या’ नाही. एवढंच नाही, तर मान खाली घालून उभा राहिलो. कितीतरी महिने या हातांनी दुसरं काही केलंच नव्हतं. बायकोनं आतल्या दारातून पाहिलं आणि तिच्या तोंडून ‘अगाई’ निघालं, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी करंड्याकडे धावलो. विहीणबाई तोवर पायरी उतरल्या होत्या. तो गुंडाळलेला खण त्यांनी हातात असा धरला होता, की अंगाला लागू नये. मी मागून ‘या बरं, इनबाई, या’ म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं नाही. ही रीत त्यांनाही माहीत होती. शहरातली बाई असती तर तिला काही कळलंही नसतं. ती म्हणाली असती, दुकानदार जरा घाईत होता.

दोन-तीन दिवसांत व्याह्यांचा फोन आला. माणूस भला, अडखळत बोलत होता. “इवाई, राग नोका मानू. घरच्या बायांचं म्हणणं हाय का बस्ता आपण भंडाऱ्यालेच करू. मार्टात.”

“काहून?” मी म्हणालो. “माझ्या घरी दुकान असताना?”

“थेच तं. लोकं म्हणतेत, थ्या दुकानातून मयतीचंच कापड जाते. नवरीले तिथलं नोको. तुमी समजदार हा.”

समजदार! मी फोन ठेवला आणि जे तोंडात आलं ते बोललो. लग्न मोडतो, म्हणालो. यांच्या घरी कोणी मरणारच नाही काय, मेलं तर काय मार्टातून चादर आणतील, असंही बोललो. बायको कपाळावर हात मारून बसली. मुलगी भाजी चिरत होती. ती विळी बाजूला करून म्हणाली, “बाबा, जाऊ द्या ना. साड्याच तं घ्याच्या हायेत.” तिला ते लग्न हवं होतं. ते मला तिच्या आवाजातच ऐकू आलं आणि मीच व्याह्यांना फोन लावून हो म्हणालो. मोडतो म्हणणारा बाप फार तर संध्याकाळपर्यंत टिकतो.

तर माझ्या मुलीचा बस्ता झाला भंडाऱ्याच्या मार्टात, आणि मी, कापड-दुकानदार, तिथं गिऱ्हाईक म्हणून गेलो. माझी पिशवी वॉचमननं बाहेर ठेवून घेतली. खाली साबण, डाळी, फिनेल, आणि वर नवऱ्या. बसायला जागाच नव्हती, तेव्हा दोन्हीकडची माणसं साड्यांच्या रांगांमध्ये उभीच. कोण रुसलं, कोण हसलं, कोणी पाहिलं नाही. साडी उलगडून दाखवायला माणूस नाही, म्हणून बाया स्वतःच ओढून काढत होत्या आणि नाही आवडली की तशीच टाकून पुढं जात होत्या. बायकोनं सवयीनं शालूचा भाव कमी करायला सांगितलं, तर तिथली पोरगी म्हणाली, “रेट फिक्स हाय काकू.” पोरगी आमच्याकडचीच वाटत होती. नवरीच्या शालूवर प्लास्टिकची बादली फुकट होती. विहीणबाईंना बादली फार आवडली. शालू ढकलगाडीत, त्यावर बादली, बादलीत हिंगाच्या डब्या आणि नवरदेवाचं धोतर. मी म्हटलं, चला, संसारच उचलून चालले.

साड्यांचा तो पसारा माझ्याच्यानं पाहवेना. मी कधी खाली वाकलो आणि काठाला काठ लावून घड्या घालायला लागलो, माझं मलाच कळलं नाही. एक अनोळखी बाई येऊन मला विचारते, “भाऊ, यात हिरवा हाय काय?” मी तिला हिरवा काढून दिला. मागून व्याह्यांचा भाऊ मोठ्यानं हसला, “घ्या! इवाई तं नोकरीले लागले!” सगळे हसले. माझी मुलगी पण हसली. थोडंच, पण हसली.

घरी आल्यावर मी ठरवलं, की बस्ता गेला तर गेला, एक साडी तरी माझ्या हातची तिच्या अंगावर पडलीच पाहिजे. पाठवणीला बापानं दिलेली साडी कोण अडवणार? मी मोहाडीकडच्या विणकराच्या घरी गेलो. कोशाच्या रेशमाची साडी घेतली, मधाच्या रंगाची, कुंकवाच्या काठाची. मार्टातल्या दहा साड्या एकीकडे आणि ही एकीकडे, हे मी कापडवाला म्हणून सांगतो, बाप म्हणून नाही. दुकानात आणून मी ती गादीवर उलगडली, बायकोला दोन टोकं धरायला लावली, काठाला काठ जुळवून घडी घातली, कुंकवाचं बोट लावलं. पाठवणीच्या वेळी दोन्ही हातांनी मुलीला दिली. ती रडत होती. म्हणाली, “पयल्या सणाले हेच नेसन मी, बाबा.” विहीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी साडीवर हात फिरवला, कुठली म्हणून विचारलं. मी म्हणालो, “आमच्या दुकानातली.” कोणाकडून आणली, हे सांगायचं मनातच आलं नाही. आमच्या दुकानातली आहे, हेच तर मला सांगायचं होतं.

सण आले आणि गेले. मुलगी पोळ्याला आली, मार्टातल्या साडीवर. दिवाळीला आली, मार्टातल्याच दुसऱ्या साडीवर. बायको विचारायची, तेव्हा ती म्हणायची, “भारी हाय थे, जपून ठेवली.” मला बरं वाटायचं. जपून ठेवावी अशीच होती ती.

गेल्या उन्हाळ्यात जावयाची मोठी आई, म्हणजे व्याह्यांची थोरली वहिनी, वारली. तिचा नवरा हयात, तेव्हा बाई अहेवपणीच गेली. निरोप सकाळीच आला. मी मागच्या खोलीतून एक लुगडं घेतलं, गुंडाळलं आणि निघालो. लाखांदूर ते वरठी म्हणजे काही जवळ नाही. गाड्या बदलत पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि तिरडी दारात ठेवलेली होती. सोयरे एकेक करून कापड टाकत होते. माझी पाळी आली. मी वाकलो. बाईला हळदकुंकू लावून, हातभर बांगड्या भरून नवी साडी नेसवली होती. लोकांनी टाकलेल्या कापडांखालून तिचा काठ तेवढा दिसत होता. कुंकवाचा काठ. मी कापडवाला आहे. माझी नजर चुकायला पाहिजे होती, पण चुकली नाही. घडीची आडवी खूणसुद्धा अजून तशीच होती, मी हाताच्या तळव्यानं दाबून बसवलेली.

मागचा माणूस म्हणाला, “टाका ना, भाऊ.” मी माझं लुगडं तिच्यावर टाकलं आणि बाजूला झालो.

तिरडी उचलल्यावर मी मुलीला विहिरीपाशी गाठलं. मी एवढंच विचारलं, “थे साडी?”

ती कळशीकडे पाहत बोलली. “मयत घरात आणि मार्ट दहाले उघडते, बाबा. अहेव बाई, तिले नेसवाले कोरंच लागते. माझ्या बाकीच्या साऱ्या नेसून झाल्या होत्या. घडी न मोडलेली थे एकच होती.” मग कळशी काखेत घेत म्हणाली, “सासूबाईनं मले थे कधी नेसूच देली नाही. म्हणे, थ्या दुकानातलं अंगाले नोको लावू.”

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, पोरगी कशी आहे. मी म्हणालो, बरी आहे. आणखी काय सांगणार होतो?

परवा पोळा जवळ आला म्हणून बायकोनं मुलीला फोन लावला. मी गादीवरच बसलो होतो. बायकोचा आवाज मोठा, त्यात फोन स्पीकरवर. “औंदा येशीन तं थे बाबाची कोशाची साडी नेसून ये वो,” ती म्हणाली. “मले एक डाव डोळ्यानं पाहू दे. आणशीन ना?”

तिकडून मुलगी म्हणाली, “हो, आई. आणीन.”